पाबळचं गिऱ्हाईक : शाळा, गाव आणि एमआयडीसी यांच्या साखळीचं एक प्रकरण

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की शिक्रापूरच्या चौकातून डावीकडे पाबळचा रस्ता फुटतो. गाव शिरूर तालुक्यातलं, अवर्षणप्रवण पट्ट्यातलं. इतिहासाच्या वाचकांना ते मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं, शिक्षणात काम करणाऱ्यांना हाताने काम करत शिकवणाऱ्या विज्ञान आश्रमामुळे. इथे विचार दुसऱ्या कारणाचा आहे, आणि तोही आश्रमाचं कौतुक करायला नव्हे. ते पुष्कळांनी केलं आहे. शाळा, पुढचं शिक्षण आणि काम देणारे या तिघांना एका भागात बांधायला निघालं की कुठला सांधा टिकतो आणि कुठला निखळतो, हे बघायला पाबळ सोयीचं आहे. इथला प्रयोग चाळीस वर्षांहून जुना आहे आणि तेवढ्या काळात भोवतालचा नकाशाच पालटला आहे.

1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग विज्ञान आश्रम काढायला इथे आले तेव्हा चाकणला कांद्याचा बाजार होता आणि रांजणगावला गणपती होता. आज पाबळच्या पश्चिमेला चाकणचा वाहन उद्योग आहे, पूर्वेला रांजणगाव एमआयडीसी आणि दक्षिणेला सणसवाडी-कोरेगाव भीमाचा पट्टा. गावातला पोरगा दुचाकीवर बसला तर तास-सव्वा तासात यातल्या कुठल्याही गेटवर पोचतो. म्हणजे जवळपास उद्योगच नाहीत, ही ग्रामीण शिक्षणातली नेहमीची सबब इथे चालत नाही. तरीही साखळी पूर्ण जुळली असं म्हणता येत नाही. ती का जुळली नाही, हा या प्रकरणाचा विषय.

सुरुवात

कलबागांची पार्श्वभूमी शिक्षणशास्त्राची नव्हती. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काही वर्षं, मग हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख. पन्नाशी ओलांडल्यावर नोकरी सोडून ते पत्नी मीराताईंसह पाबळला राहायला आले. गाव निवडताना त्यांनी मुद्दाम पाण्याची बोंब असलेलं, कुठल्याही खास सोयी नसलेलं गाव घेतलं. इथे जमलं तर दुसरीकडेही जमायला हरकत नाही, असा हिशोब.

छत्र मिळालं पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं, म्हणजे जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांच्या संस्थेचं. हा तपशील महत्त्वाचा आहे. जे. पी. नाईक हे 1964-66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्या आयोगाने शाळेत कार्यानुभव असावा असं सांगितलं होतं. त्याआधी 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे कामातून शिकवण्याची, मांडणी झाली होती आणि नंतर 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य आणलं. कल्पनेची कमतरता या देशात कधीच नव्हती. कार्यानुभवाचा तास मात्र बहुतेक शाळांत खडूच्या भुकटीचे पुतळे आणि कागदी फुलं यांवर भागवला गेला, हे माझ्या पिढीतल्या कुणालाही सांगायला नको.

पाबळने त्यात एक साधी भर घातली. मुलांनी केलेली वस्तू किंवा दिलेली सेवा कुणीतरी पैसे मोजून घेतली पाहिजे.

आधी आश्रमाने शाळा सोडलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम काढला. तोच पुढे ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका, सगळे ज्याला डीबीआरटी म्हणतात ती, आणि तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. त्यातला काही भाग 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आसपासच्या माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक पूर्ण दिवस, नाव ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’. लोकांच्या तोंडी आयबीटी. राज्य मंडळाने तो पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला आणि त्याचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेवर दिसू लागले. मराठी पालकांना कुठलीही गोष्ट गंभीर वाटायला गुणपत्रिकेची मोहर लागते. ती नसती तर आयबीटीही कागदी फुलांच्या वाटेने गेली असती.

एक दिवस कसा चालतो

विषयाचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. वर्गाचे गट पाडतात आणि गट आळीपाळीने चारही विभागांतून फिरतात. एका कोपऱ्यात वेल्डिंगचा चटचटाट, दुसरीकडे कुणी घरातल्या वायरिंगचा बोर्ड जोडतंय, तिसरा गट रोपांना कलम बांधतोय, चौथा चिक्की करून तिचं वजन आणि वेष्टण ठरवतोय. शिकवणारे बरेचदा गावातलेच कारागीर: फॅब्रिकेशनवाला, इलेक्ट्रिशियन, प्रयोगशील शेतकरी. त्यांना निदेशक म्हणतात. डी.एड., बी.एड.ची पात्रता त्यांच्याकडे नसते, हात असतो.

एखादं काम जवळून बघू. समजा अंगणवाडीला पाण्याचं पिंप ठेवायला लोखंडी स्टँड हवाय. मुलं जाऊन पिंपाचा व्यास मोजतात, वहीत चित्र काढतात आणि किती अँगल लागेल याचा हिशोब करतात. 25 बाय 25 बाय 3 चा अँगल मीटरला साधारण 1.1 किलो भरतो. सहा मीटर लागणार, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास. किलोला 70 रुपये धरले तर पावणेपाचशेचं लोखंड. वेल्डिंगचे रॉड, रंग, वीज मिळून आणखी सव्वाशे. सहाशे झाले. त्यावर पंचवीस टक्के मजुरी, दीडशे. स्टँड साडेसातशेला. मग अंगणवाडीच्या ताई विचारतात, ‘‘बाजारात सातशेला मिळतो, तुमचा महाग का?’’ इथे खरा तास सुरू होतो. मुलांना परत बघावं लागतं की कुठे तुकडा वाया गेला. चार पायांपैकी एक दोन सेंटिमीटर आखूड कापला गेला होता आणि नवा तुकडा घ्यावा लागला, हे वहीत लिहावंच लागतं. नफा-तोट्याचं गणित सातवीत पाठ झालेलं असतं. ते आपल्यालाच लागू होतं हे इथे कळतं.

गृह-आरोग्यमध्ये हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासणं आहे. मुलं गावात शिबिर लावतात, बोटाला टोचतात, नळीतल्या रंगाची तुलना करून आकडा नोंदवतात. आपल्याच आईचा आकडा आठ-नऊ निघाल्यावर लोहयुक्त आहाराचा धडा पाठ करावा लागत नाही. शेती विभागात मातीपरीक्षण, कोंबड्यांच्या खाद्याचा हिशोब. आश्रमात तर जमिनीत चार सळ्या रोवून, वीज सोडून, रोध मोजून पाण्याचा अंदाज घ्यायचं यंत्रही बनलं. पायाळू माणूस आणि नारळ घेऊन बोअरची जागा ठरवणाऱ्या भागात ओहमच्या नियमाला इतकं मानाचं स्थान क्वचितच मिळालं असेल. आश्रमातले घुमटाकार डोम विद्यार्थ्यांनीच उभारले, स्वस्त छोटा ट्रॅक्टर इथेच तयार झाला आणि 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्याबरोबर फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवायची छोटी कार्यशाळा, आली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. वर्तमानपत्रांत तिचं बरंच आलं. आपल्या विषयाच्या दृष्टीने पिंपाच्या स्टँडचं वजन जास्त आहे.

कारण त्या स्टँडला गिऱ्हाईक आहे. करिअर, मार्ग, भागीदारी हे सगळे शब्द बाजूला ठेवले तर मुलाच्या दृष्टीने काम म्हणजे काय? समोर कुणीतरी उभं आहे, त्याला ही वस्तू अमुक दिवशी हवी आहे आणि वाईट झाली तर तो परत घेऊन येणार आहे. पाबळच्या पद्धतीत काम देणारा घटक शाळेच्या आत होता. करार, सामंजस्याची कागदपत्रं, हारतुरे, फोटो यांपैकी काहीच लागलं नाही. ज्याचं गेट मोडलं तो शेतकरी हाच एम्प्लॉयर.

समता कुठून आली

याची चर्चा फार होत नाही, पण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

हाताचं काम आपल्याकडे निष्पाप नसतं. लोहारकाम, सुतारकाम, चामड्याचं काम, जनावरांचं काम यांना जातीचे पत्ते चिकटलेले आहेत, आणि चुलीला बाईचा. त्यामुळे शाळेत व्यवसाय शिक्षण आलं की पालकांच्या मनात दोन प्रकारच्या शंका उठतात. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम आहे ते म्हणतात, ‘‘पाना हातात धरायला पोराला शाळेत कशाला घालू, तो तर घरीच होता.’’ ज्यांच्या घरात ते काम नव्हतं त्यांना ते कमीपणाचं वाटतं. दोघांच्या शंकेत तथ्य आहे. व्यवसाय शिक्षण ‘हुशार नसलेल्यांसाठी’ ठेवलं की ते कुणाच्या वाट्याला जातं हे वर्गात बसून मोजायची गरज पडत नाही.

आयबीटीने यावर भाषण दिलं नाही, वेळापत्रक दिलं. चारही विभाग सगळ्यांना सक्तीचे. मुलगी वेल्डिंग करणार, मुलगा स्वयंपाक करणार, पाटलाचा मुलगा शेण-मूत्राच्या खड्ड्यात उतरणार आणि पहिल्या नंबराची मुलगी वायरिंगमधून सुटणार नाही. निवडच नाही म्हटल्यावर निवडीतून होणारा भेदही नाही.

‘मुलांना निवडीचं स्वातंत्र्य हवं’ हे ऐकायला बरं वाटतं. पण चौदा वर्षांच्या मुलाची निवड कोण करतं? घर, जात, लिंग आणि शाळेत काय उपलब्ध आहे ते. समतेसाठी निवड काही वर्षं लांबवावी लागते, हे पाबळने गाजावाजा न करता दाखवून दिलं. त्या वयात भाषा आणि गणित आपण ऐच्छिक ठेवत नाही. हाताचं कामही का ठेवावं?

दहावीनंतरचा खड्डा

आता साखळीची दुसरी कडी. आठवी ते दहावी तीन वर्षं मुलाने अँगल कापला, वायरिंग केलं, कोटेशन लिहिलं. पुढे काय?

कागदावर शिडी पूर्ण आहे. दहावीनंतर आयटीआय. दोन वर्षांचा ट्रेड झाला की तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तिथून पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ‘डायरेक्ट सेकंड इयर’ हा शब्द आता खेड्यातल्या पालकांनाही पाठ झालाय. या वाटेने इंजिनियर झालेली मुलं आहेत, आणि आधी काही वर्षं मशीनवर हात फिरवून आल्यामुळे बारावीवाल्यांपेक्षा वर्कशॉपमध्ये उजवी ठरतात असं शिकवणारे सांगतात.

पण आयबीटी केलेला मुलगा आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला बसला की त्याचा पहिला दिवस आणि ज्याने होल्डर कधी हातात धरला नाही त्याचा पहिला दिवस एकच. तीन वर्षं दर आठवड्याला दिलेल्या त्या दिवसाची किंमत तिथे शून्य. आयटीआयच्या निदेशकाचा त्यात दोष नाही; त्याच्याकडे ठरलेले तास आणि ठरलेली परीक्षा आहे. शाळेत काय झालं हे सांगणारा कागद त्याच्यापर्यंत येत नाही, आणि आला तरी त्याचं काय करायचं हे त्याच्या नियमात नाही.

दुसरी वाट अकरावी-बारावीची. महाराष्ट्रात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, बारावीच्या पातळीवर चालत आले. मागे उभं होतं 1986 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण: उच्च माध्यमिकच्या मुलांपैकी 10 टक्के 1990 पर्यंत आणि 25 टक्के 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे. ते कधीच झालं नाही. ‘एमसीव्हीसी घेतलं’ हे वाक्य गावात कोणत्या सुरात उच्चारलं जातं ते ज्याने ऐकलंय त्याला कारण विचारावं लागणार नाही. इथे मुलं वळवायची होती, आणि ज्या रस्त्याकडे वळवतात त्याला पुढे रस्ता नाही असं लोकांना वाटत असेल तर आपलं पोर कोण वळवू देईल?

राहिली डीबीआरटी. ती निवासी, आश्रमाच्या आवारात, करत करत शिकण्याची. बाहेर पडलेल्यांपैकी कुणी फॅब्रिकेशनचं शेड टाकलं, कुणी पोल्ट्री, कुणी रोपवाटिका. पण ती एका संस्थेच्या ताकदीइतकीच मोठी होऊ शकते. तालुक्यातल्या सगळ्या दहावी पास मुलांचं उत्तर ती नाही आणि तिने तसा दावाही केलेला नाही.

एमआयडीसीचं गेट

आता तिसरी कडी, जी या पट्ट्यात सगळ्यांत जवळ आहे आणि सगळ्यांत सैल.

मोठ्या कारखान्याची भरती तीन दारांनी होते. पदविका आणि पदवीवाले एका दाराने, आयटीआय आणि अप्रेंटिस दुसऱ्या दाराने, बाकी सगळे ठेकेदाराच्या दाराने. 1961 चा अप्रेंटिस कायदा आहे. 2016 पासून राष्ट्रीय योजनेखाली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार सोसतं. 2013 च्या ‘नीम’ या प्रशिक्षणार्थींच्या योजनेने ‘कमवा आणि शिका’ नावाचं आणखी एक दार काही वर्षं उघडं ठेवलं, ज्यातून या पट्ट्यात हजारो मुलं लाइनवर उभी राहिली. शिकणं किती झालं यावर वाद आहे, कमवणं किती झालं यावर तेवढा नाही.

यातल्या कुठल्याच दारावर ‘आयबीटी’ असा रकाना नाही. एचआरच्या माणसाकडे दिवसाला शेकडो अर्ज असतात. तो प्रमाणपत्राचं नाव बघतो. आयटीआय फिटर म्हटलं की त्याला दोन वर्षं कळतात. ‘चार विभागांत तीन वर्षं काम केलंय, हिशोब येतो, ड्रॉइंग वाचता येतं’ हे त्याच्या संगणकात भरायला जागा नाही.

शिवाय ही मुलं ज्या गोष्टीत तयार झालेली असतात ती असेंब्ली लाइनला फारशी नकोच असते. चार गोष्टी थोड्या थोड्या येणारा, ‘हे असं का करायचं?’ विचारणारा, स्टँडची किंमत स्वतः काढणारा मुलगा लाइनवर एकाच जागी आठ तास बोल्ट आवळायला ठेवला तर तो चार महिन्यांत निघून जातो. त्याची खरी गरज आहे मेंटेनन्सला, टूलरूमला, आणि मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपला. असे वर्कशॉप या पट्ट्यात भरपूर आहेत. पण उद्योगांशी भागीदारी म्हटलं की शाळेचे मुख्याध्यापक आणि संस्थावाले दोघंही ज्यांच्या नावाची पाटी महामार्गावरून दिसते तिकडेच धावतात. मोठी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, शेड बांधून देते, यंत्रं देते, फलक लावते. नोकरी सहसा देत नाही. ते तिचं पापही नाही. सीएसआरचा विभाग आणि भरतीचा विभाग एकमेकांना ओळखतही नसतात. यंत्र हवंय की मुलाला शिकायला जागा हवीय, हे शाळेने आधी ठरवायला हवं.

विस्तार

2003 मध्ये डॉ. कलबाग गेले. त्यानंतर डॉ. योगेश कुलकर्णी यांनी आश्रमाची धुरा घेतली. याच काळात राज गिल्डा आणि सुनंदा माने यांच्या लेंड-अ-हँड इंडियाने आयबीटी पाबळबाहेर मोठ्या प्रमाणावर नेली. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत आणि राज्याबाहेरही. शाळेला सुरुवातीचा खर्च आणि निदेशकांचं मानधन उभं करून द्यायचं, मग हळूहळू गाव आणि सरकारने उचलायचं, अशी रीत. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आल्यावर आयबीटीचं रूप ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ झालं आणि ते समग्र शिक्षा अभियानाच्या यादीत इतर ट्रेडच्या शेजारी जाऊन बसलं.

त्या यादीत काय काय आहे? ऑटोमोबाईल, रिटेल, आयटी, आरोग्यसेवा, शेती, ब्यूटी अँड वेलनेस. शाळेला साधारणपणे दोन ट्रेड मिळतात, आणि मुलं नववीत त्यातला एक घेतात. मुलींच्या शाळेला ब्यूटी अँड वेलनेस आणि मुलांच्या शाळेला ऑटो मिळाला तर कुणालाच आश्चर्य वाटत नाही. चार विभाग सगळ्यांना सक्तीचे ठेवून पाबळने जे दार बंद केलं होतं ते असं मागच्या बाजूने उघडलं. मल्टी स्किलचा पर्याय यादीत आहे, पण अनेकांतला एक म्हणून. मला हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत मोठा तोटा वाटतो, आणि तो कुणाच्या दुष्टाव्याने झालेला नाही. ट्रेडची विभागणी कौशल्य क्षेत्रांच्या परिषदांप्रमाणे झाली. त्या उद्योगांच्या सोयीने बनल्या, मुलांच्या वयाच्या सोयीने नव्हे.

दुसरा बदल माणसाचा. गावातला फॅब्रिकेशनवाला जाऊन त्याच्या जागी संस्थेमार्फत नेमलेला कंत्राटी व्यवसाय शिक्षक आला. पदवी जास्त, कराराचा काळ वर्षाचा, मानधन वेळेवर येईल याची खात्री नाही. हे शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर वारंवार बसलेले आहेत. जो माणूस मार्चमध्ये आपण जूनला असू की नाही या विवंचनेत आहे, तो पंचक्रोशीतल्या वर्कशॉप मालकांशी ओळख कधी वाढवणार? प्रादेशिक भागीदारी म्हणून अहवालात जी दिसते ती प्रत्यक्षात या एका माणसाच्या मोबाईलमधल्या नंबरांवर उभी असते, आणि साखळीतला सगळ्यांत कमी पगार त्याचाच.

तिसरं, गिऱ्हाईक. परीक्षा बाहेरच्या मूल्यांकनकर्त्याने घ्यायची, अभ्यासक्रम ठरलेल्या तासांचा, साहित्याची खरेदी ठरलेल्या पद्धतीने. अशा व्यवस्थेत मुलांनी गावाकडून पैसे घेऊन काम करायचं म्हटलं तर मुख्याध्यापक आधी विचारतात, ‘‘पावती कुठल्या हेडखाली फाडायची?’’ प्रश्न हास्यास्पद नाही. ऑडिटला त्यांनाच उभं राहायचंय. पण त्याचं उत्तर कुणी लिहून दिलं नाही म्हणून स्टँड आता नमुना म्हणून बनतो, गुण मिळवतो आणि माळ्यावर जातो.

मग या तालुक्यात काय करता येईल

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने म्हटलं होतं की 2025 पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा. त्याच दस्तऐवजात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा आकडा आहे: 19 ते 24 वयाच्या भारतीय कामगारांत औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले 5 टक्क्यांहून कमी, दक्षिण कोरियात 96 टक्के. 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखडा आला, ज्यात शाळा, कौशल्य आणि उच्च शिक्षण या तिन्हींचे श्रेयांक एका खात्यात जमा करायची सोय आहे. सोय आहे, वापर व्हायचाय. शाळेतल्या मल्टी स्किलच्या तासांचे श्रेयांक आयटीआयने मोजले आणि त्या मुलाला सुरुवातीच्या मूलभूत सरावाऐवजी पुढचं काम दिलं, तर दहावीनंतरचा खड्डा निम्मा भरेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. व्यवसाय शिक्षण संचालनालय आणि शालेय शिक्षण विभाग या दोघांच्या सहीचं एक परिपत्रक लागतं. दोघांची मंत्रालयं वेगळी आहेत, अडचण काय ती तिथे आहे.

जिल्हा पातळीवर मोठी समिती काढण्यात मला रस नाही. तिच्या बैठका होतात, चहा होतो. त्यापेक्षा आहे ती चौकट वापरावी. 2007-08 पासून केंद्राच्या योजनेत अनेक शासकीय आयटीआयना अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं आणि त्याबरोबर संस्था व्यवस्थापन समिती आली. अध्यक्ष उद्योगातला, काही सदस्य स्थानिक उद्योगांतले, काही शासनाने नेमायचे, प्राचार्य सचिव. शासनाच्या त्या जागांवर तालुक्यातल्या मल्टी स्किल चालवणाऱ्या शाळेचे एक मुख्याध्यापक आणि एक निदेशक बसवले, तर शाळा, आयटीआय आणि उद्योग पहिल्यांदा एका टेबलावर येतील. आणि उद्योगाच्या खुर्च्यांत निदान दोन तरी वीस-पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपवाल्यांना द्याव्यात.

गावातल्या कामाच्या पैशाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने वेगळं खातं, कामाची वही, मजुरीतला ठरलेला हिस्सा मुलांना आणि उरलेला साहित्याला, वर्षाअखेरीस ग्रामसभेत हिशोबाचं वाचन. शिक्षणाधिकाऱ्याने अशा खात्याला लेखी मान्यता दिली की मुख्याध्यापकाचा ऑडिटचा धसका जातो. वहीचा नमुना आयबीटीच्या जुन्या शाळांत तयारच आहे.

खर्चाची बाब एकच आणि ती टाळता येत नाही: तालुक्याला एक कायम माणूस, ज्याचं काम फक्त शाळा, आयटीआय आणि वर्कशॉप यांच्यात फिरणं. त्याला शिकवायला वर्ग द्यायचा नाही, निवडणुकीची ड्युटी द्यायची नाही. कोणत्या मुलाला कुठल्या वर्कशॉपमध्ये दिवाळीच्या सुट्टीत बसवलं, मालक काय म्हणाला, मुलीला ने-आण कोण करतं, कामाच्या जागी स्वच्छतागृह आहे का, हे त्याने बघायचं. शेवटचे दोन प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण वेल्डिंगमध्ये पहिली आलेली मुलगी पुढे वेल्डर का होत नाही याचं उत्तर पुष्कळदा त्यांच्यातच असतं. असं पद समग्र शिक्षाच्या आराखड्यात नाही आणि आयटीआयच्या आकृतिबंधातही नाही. सीएसआरवाल्या कंपनीने यंत्राऐवजी पाच वर्षं या माणसाचा पगार द्यायचं कबूल केलं तर एका सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या, किमतीत ते भागेल. फक्त पगारावर फलक लावता येत नाही, म्हणून तो प्रस्ताव संचालक मंडळापुढे न्यायला त्यांच्यातलाच कुणी तयार व्हावा लागेल.